अग्निबाणाचा पाय आणि अक्काचा उंबरठा

गुरुवार

पुण्याहून धारवाडला जाण्याची माझी दोन कारणं होती. एक छापील, दुसरं खरं.

छापील कारण असं, की तिथल्या एका शाळेने ‘अवकाशातून आपल्या अंगणात’ नावाचं प्रदर्शन भरवलं होतं आणि उद्घाटनाचा वक्ता म्हणून माझं नाव पत्रिकेवर होतं. अवकाश संशोधनातून निघून घराघरात पोचलेल्या वस्तू, असा विषय. नोकरीत मी दुसऱ्यांनी लिहिलेले विज्ञानविषयक लेख तपासत असे. पत्रिकेने मला ‘ज्येष्ठ विज्ञानतपस्वी’ केलं होतं. ऱ्हस्वदीर्घ सुधारणं ही तपश्चर्या असेल तर माझी ना नाही.

खरं कारण अक्काचा फोन. “रघू, रविवारी घर बघायला गिऱ्हाईक येणार आहे. त्याआधी ये. ह्यांच्याशी कुणीतरी बोलायला पाहिजे, माझं ऐकत नाहीत.”

सुधाअक्का माझी थोरली बहीण. लग्न होऊन धारवाडला गेली ती तिथलीच झाली. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, त्याच शाळेत भौतिकशास्त्र शिकवत. मागच्या वर्षी साखरेमुळे चिघळलेल्या जखमेपायी त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. यंदा कृत्रिम पाय बसवला. पण घरात त्यांना त्या पायावर चालता येईना. त्यांचा मुलगा समीर बेंगळुरूला असतो. त्याने सरळ सांगितलं होतं : अप्पा घरात एकटे हिंडूफिरू शकले तर धारवाडला राहा, नाहीतर घर विका आणि माझ्याजवळ या. त्यात त्याचं काही चुकत होतं असं मला वाटलं नाही. बेंगळुरूच्या फ्लॅटमध्ये दाजींना कल्पून बघितलं की मात्र कसंसंच व्हायचं.

लोंढ्यानंतर जंगल लागतं आणि गाडीतली मंडळी खिडकीकडे तोंड करून गप्प होतात. ती शांतता अळणावरला मोडते. तिथे डब्यात चढलेली बाई मला म्हणाली, “अण्णा, जरा सरका की. ई गंटु तुमच्या पायाशी ठेवते.” आणि मी होकार देण्याआधीच तिचं गाठोडं माझ्या पायाशी आलं. पुण्यात याच कामाला आधी एक छोटी चकमक झाली असती.

अक्काच्या घरी पोचलो. पडवीत एक बाकडं आणि त्याच्याजवळ लाकडी मांडणी आहे. सगळ्यांची पादत्राणं तिथे निघतात. सगळ्यांची म्हणजे सगळ्यांची. गॅस सिलिंडर आणणारा सिलिंडर खांद्यावरून उतरवून आधी चपला काढतो. एकदा घाईत तपासायला आलेले डॉक्टरही सुटले नव्हते. हा नियम पुण्यातही आहे, पण आमच्याकडे पाहुणा ‘काढू का?’ असं विचारतो आणि आपण ‘राहू द्या हो’ म्हणतो. अक्का ‘राहू द्या’ म्हणत नाही.

दाजी आतल्या खोलीत खुर्चीवर होते. शेजारी चौपायी वॉकर. आणि कपाटाला टेकवून ठेवलेला तो पाय.

“ये रघू. हा बघ. रॉकेटच्या खानदानातला आहे,” दाजी म्हणाले. “त्यामुळे जमिनीवर चालायला कमीपणा वाटतो त्याला.”

“दाजी, बाहेर म्हणे तुम्ही कोपऱ्यापर्यंत जाऊन येता?”

“जातो की. काठी घेऊन आरामात जातो. घरात आलो की हा मागे ओढतो. सपाट फरशीवर चढ लागल्यासारखं होतं. गुडघा पाठीमागे ढकलला जातो. एकदा आपटलो, तेव्हापासून घरात काढूनच ठेवतो.”

“चढ म्हणे,” अक्का स्वयंपाकघरातून म्हणाली. “रघू, विचार त्यांना बसण्णाला कशाला बोलावलं होतं ते.”

बसण्णा गवंडी. दाजींनी त्याला पाणसळ घेऊन बोलावलं होतं. त्याने घरभर पाणसळ ठेवून पाहिली. न्हाणीघराकडचा उतार सोडला, आणि तो त्यानेच काढलेला होता, तर फरशी सगळीकडे सपाट निघाली. “सर, फरशी सरी इदे,” असं म्हणून, म्हणजे फरशी बरोबर असल्याचा निर्वाळा देऊन तो चहा पिऊन गेला.

“फरशीत दोष नाही, पायात दोष नाही,” अक्का म्हणाली. “मग कुणात आहे?”

दाजी कपाटाला टेकवलेल्या पायाकडे बघू लागले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो. प्रश्नाला पाठ दाखवताना मी त्यांना प्रथमच पाहिलं. रात्री ज्वारीची कडक रोट्टी, एण्णेगायी आणि शेंगाचटणी झाली. भरल्या वांग्याला आम्ही एवढं तेल घातलं असतं तर घरात चौकशी बसली असती. पण जेवताना तिघंही रोट्टीच्या आवाजाआड लपलो होतो.

शुक्रवार

सकाळी बसने हुबळीला गेलो. कोप्पीकर रोडच्या मागच्या बाजूला कृत्रिम अवयवांचं एक लहानसं केंद्र आहे, तिथे दाजींना दाखवायचं होतं.

निघताना पडवीत मी एक गंमत पाहिली. दाजी वॉकरच्या आधाराने उड्या मारत बाकड्यापर्यंत आले, तिथे बसून त्यांनी पाय चढवला, मग मांडणीवरून काळे बूट घेऊन दोन्ही पायांत घातले. खऱ्या पायात घालावा त्याच काळजीने खोट्या पायात. नाडी बांधून उभे राहिले आणि काठी टेकत फाटकाकडे निघाले. चाल मंद होती, पण माणूस सरळ होता.

केंद्रातल्या शैलाबाई तरुण होत्या आणि बोलण्यात अघळपघळ नव्हत्या. त्यांनी दाजींना लांबलचक व्हरांड्यात चालायला लावलं. दाजी गेले, वळले, परत आले. पुन्हा काठी न घेता गेले. मी अक्काकडे पाहिलं. तिचा चेहरा लाल होत चालला होता.

“छान चालतात की,” शैलाबाई म्हणाल्या.

“इथे छान चालतात,” अक्का म्हणाली. “घरी आले की खुर्ची. मॅडम, ह्यांना तुमच्याकडेच ठेवून घ्या.”

शैलाबाईंनी पाय सगळीकडून तपासला. “सर, बूट हेच घालता ना? टाचेची उंची बदलायची नाही. यावरच पाय बसवलाय.”

“दुसरे बूटच नाहीत माझ्याकडे,” दाजी म्हणाले, आणि त्यात किंचित अभिमान होता. सांगितलेलं काटेकोर पाळणारा मास्तर.

मला पायाची कुळकथा हवी होती, भाषणासाठी. शैलाबाईंनी सांगितली ती थोडक्यात अशी : पॉलियुरेथेन नावाचा पदार्थ. आपल्या अवकाश संशोधकांनी अग्निबाणाच्या घन इंधनासाठी त्या जातीच्या पदार्थांवर पुष्कळ काम केलं. पुढे त्याच ज्ञानातून हलका, लवचीक, पाण्याने न बिघडणारा पाय तयार झाला. हा नेमका पाय त्यांनी केलेला नाही, पण गोत्र तेच. मला हे आवडलं. एरवी अवकाशाचं नाव निघालं की माणसं आवाज बदलून ‘गगनभरारी’ वगैरे बोलू लागतात. ही बाई पाय हातात घेऊन टाच दाबून दाखवत होती.

बाहेर पडल्यावर गिरमिट खाल्लं. कुरमुऱ्याचाच प्रकार, पण आपल्या भेळेसारखा कुरकुरीत राहण्याचा हट्ट न धरणारा. मसाल्यात मुरलेला, मऊसर. सोबत मिरची भजी. दाजींनी फक्त एक घास घेतला.

“मी नाटक करतो असं वाटतं का रे तुला?” अक्का पाणी आणायला गेली तेव्हा त्यांनी विचारलं.

“नाही दाजी.”

“मला वाटायला लागलंय.” ते कागदाची पुडी दुमडत राहिले. “बाहेर येतं आणि घरात येत नाही, असं कुठल्या नियमात बसतं? मुलांनी असं उत्तर लिहिलं असतं तर मी काट मारली असती. रविवारी गिऱ्हाईकाला हो म्हणून टाकतो. सुधाला तरी किती दमवायचं.”

पहाटे उठून अक्कासाठी चहा करणं हे त्या घरात दाजींचं काम होतं. लग्नापासूनचं. पाय गेल्यापासून चहा अक्काच करते आणि दाजींना खुर्चीवर आणून देते. हे अक्काने मला परतीच्या बसमध्ये सांगितलं, खिडकीबाहेर बघत. चहाबद्दल तिची तक्रार नव्हती. “कप घेताना बघत नाहीत रे माझ्याकडे,” एवढंच म्हणाली.

शनिवार

शाळेच्या सभागृहात रांगोळी, कमान, आणि मंचावर लाल गालिचा. मधोमध पाठीला पांढरा टॉवेल घातलेली एक सिंहासनवजा खुर्ची, ती अध्यक्षांची. अध्यक्ष कुठल्याशा मंडळाचे कोणीतरी होते आणि अजून यायचे होते.

तोवर मी प्रदर्शन पाहिलं. मुलांनी मेहनत घेतली होती. मोठ्यांनी घातलेली भर मात्र संशयास्पद होती. एका टेबलावर निर्लेप तवा. त्याचं लेपन अवकाशयुगाच्या आधीचं. शेजारी चर्रकन उघडणाऱ्या वेल्क्रोच्या पट्टीची पिशवी, ती पट्टीही आधीचीच. अंतराळवीरांनी वापरली म्हणून वस्तू अवकाशात जन्मली, असं धरलं तर लेंगाही त्यात बसेल. एका कोपऱ्यात गादीवाल्याचा स्टॉल होता : ‘अंतराळवीरांची गादी’. दाबला की हळूहळू वर येणारा तो फोम विमानातल्या आसनांसाठी अवकाश संशोधकांनी केला हे खरं आहे. पण गादीवर झोपलेला अंतराळवीर छापला होता आणि त्याच्या डोक्यावर काचेचं शिरस्त्राण होतं. त्याला झोप कशी लागली असेल कोण जाणे.

एका मुलीने मात्र आपला मोबाइल पुढे धरला. “सर, ह्यातला कॅमेरा. यानात जड कॅमेरा नको म्हणून ह्याची चिप केली. आता त्यावर माझी आई भाकरीचे फोटो काढते.” मी तिला म्हटलं, माझ्या भाषणापेक्षा हे चांगलं आहे. ती म्हणाली, “भाषण अजून झालं नाही की सर.” धारवाडची मुलं.

मुख्याध्यापक हिरेमठ यांनी दाजींना आग्रह करून बोलावलं होतं. माजी शिक्षक, आणि अग्निबाणाच्या गोत्रातल्या पायावर चालणारे. प्रदर्शनाला याहून जिवंत पुरावा कुठला? दाजींनी स्वतःच्या पायांनी मंचावर यायचं आणि दीपप्रज्वलन करायचं, असं ठरलं होतं. दाजींनी हो म्हटलं होतं ते, मला वाटतं, निरोप घेण्याच्या भावनेने. समीर सकाळीच बेंगळुरूहून आला होता आणि पहिल्या रांगेत अक्काशेजारी बसला होता.

अध्यक्ष आले. फेटे झाले, शाली झाल्या, हार झाले, फळांच्या टोपल्या झाल्या. माझ्या टोपलीवरचा चकचकीत कागद इतका घट्ट होता की फळं अवकाशातून आल्यासारखी वाटत होती. मग दाजींचं नाव पुकारलं.

ते सभागृहाच्या मागच्या टोकापासून आले. काठी हातात होती, पण टेकवत नव्हते. पायऱ्या चढले. गालिच्यावरून माझ्या शेजारच्या खुर्चीपर्यंत आले. टाळ्या पडल्या आणि त्या खऱ्या होत्या. समीरने पुढे झुकून आईला काहीतरी विचारलं.

मग समई. समईच्या मागे सरस्वतीची तसबीर. सगळ्यांनी रीतीप्रमाणे पादत्राणं काढली. दाजीही खाली वाकले. आधी उजवा बूट, मग दोन्ही हातांनी डावा. बाजूला नीट जोडीने ठेवले. उठले, एक पाऊल टाकलं, आणि कुणीतरी मागून सदरा ओढावा तसे पाठीमागे गेले. नशिबाने मागे अध्यक्षांची खुर्ची होती. अध्यक्ष समईपाशी उभे होते. दाजी थेट पांढऱ्या टॉवेलात जाऊन बसले.

सभागृहात कुणी हसलं नाही. समीर उभा राहिला होता. हिरेमठ सर ‘सावकाश, सावकाश’ म्हणत होते, आणि दाजी स्वतःच्या पायाकडे असे बघत होते की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून अक्काचा आवाज आला. “अहो, बूट घाला.”

आम्हाला वाटलं, घरी चला म्हणते आहे. दाजींनाही तसंच वाटलं असावं. ते निमूटपणे बूट ओढू लागले.

अक्का मंचाच्या पायरीशी आली होती. “घालून उभे राहा. इथेच. आत्ता चाललात ना ह्याच गालिच्यावरून? तेव्हा बूट होते. काढले आणि मागे गेलात. घरात तरी दुसरं काय होतं?”

दाजी नाडी बांधता बांधता थांबले. मग त्यांच्या चेहऱ्यावर ते आलं, जे वर्गात येत असावं. “टाच,” ते म्हणाले. “सुधा, टाच. बूट काढला की टाच तेवढी खाली जाते. सगळा पाय मागे कलतो. म्हणून चढ. फरशीला नव्हता, तो मला होता.” माझ्याकडे वळून म्हणाले, “रघू, त्या बाईने काल सांगितलं होतं रे. मी ऐकलं की ‘बूट बदलू नका’. घरात बूट काढणं म्हणजे बदलणं, हे कुणाच्या डोक्यात येणार?”

कुणाच्याच आलं नसतं. आपण बूट काढतो तेव्हा आपण काही करतो आहोत असं आपल्याला वाटतच नाही. शैलाबाईंनीही विचारलं नाही, कारण त्यांच्याही घरी दारात मांडणी असणार.

दाजी उभे राहिले. समईकडे निघाले, बुटांसकट. हिरेमठ सरांनी हळूच हात पुढे केला. “सर, तेवढे बूट... पुढे देवी आहे.”

“सर,” अक्का म्हणाली, “बूट त्या पायाचा भाग आहे. तो काढायचा तर पायही काढावा लागेल. देवीला चालेल, तुम्ही काळजी करू नका.”

गॅस सिलिंडरवाल्याला चपला काढायला लावणारी बाई हे बोलत होती. मला वाटतं, त्या दिवशी मंचावरून झालेल्या भाषणांत तेवढं एकच लक्षात ठेवण्यासारखं होतं. माझं त्यानंतर झालं. ते फारसं कुणी ऐकलं नाही, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. अध्यक्षांनी मात्र परत खुर्चीवर बसण्याआधी टॉवेल सारखा करून घेतला.

संध्याकाळी घरी आलो. दाजी सवयीने बाकड्यावर बसले आणि नाडीला हात घातला.

“थांबा,” अक्का म्हणाली. ती आत गेली, ओलं फडकं घेऊन आली आणि पडवीत बसून तिने दाजींचे तळवे, म्हणजे बुटांचे तळवे, पुसले. आधी उजवा, मग डावा. “चला.”

दाजींनी उंबरठा ओलांडला. बैठकीची खोली, देवघराची बाजू, मधली खोली. बुटांचा आवाज त्या घराला नवीन होता. समीर दोन्ही हात अर्धवट पुढे करून मागून चालत होता, लहान मूल पहिल्यांदा चालताना बाप चालतो तसा. न्हाणीघराच्या उताराशी दाजी थांबले. “इथे खरा उतार आहे,” ते म्हणाले. “बसण्णाला मानलं पाहिजे.”

अक्का मधल्या खोलीच्या दारात उभी होती. फडकं अजून हातातच होतं, आणि ती ते पिळत होती, जरी त्यात पाणी उरलं नव्हतं.

सोमवारी सकाळी

रविवारची हकीकत लांबवत नाही. सकाळी कोप्पीकर रोडवर जाऊन तशाच बुटांचा, तेवढ्याच टाचेचा, आणखी एक जोड घेतला. दुकानदाराने विचारलं, “बाहेरचे जुने झाले काय?” अक्का म्हणाली, “हे बाहेर घालायचेच नाहीत. घरातले आहेत.” त्याने एकदा बुटांकडे, एकदा अक्काकडे पाहिलं आणि खोकं बांधून दिलं. घरी आल्यावर नव्या बुटांना हळद-कुंकू लागलं. शैलाबाईंना फोन केला, तेव्हा त्यांनी आधी “घरात अनवाणी?” असं दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, बुधवारी या, तोवर बूट चालतील. अनवाणी चालण्यासाठी पाय कसा बसवता येईल ते पाहू. आणि आता प्रत्येकाला घरातलं विचारायला हवं, असंही म्हणाल्या.

दुपारी गिऱ्हाईक आलं. दार दाजींनी उघडलं. नवे बूट घालून त्यांनी त्या गृहस्थांना सगळं घर हिंडून दाखवलं : खिडक्या, विहीर, परसातलं लिंबाचं झाड, न्हाणीघराचा उतार. तो मनुष्य खुश झाला. “विकायचं नाही,” दाजी शेवटी म्हणाले, “पण तुम्ही लांबून आलात, म्हणून दाखवलं.” गिऱ्हाईकाचा फक्त चहा झाला. समीर रात्रीच्या गाडीने एकटाच बेंगळुरूला परतला. जाताना त्याने आईला सांगितलं, न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घे. भांडण म्हणून त्यात तेवढंच उरलं होतं.

माझी गाडी सोमवारी होती. पहाटे जाग आली ती आवाजाने. टक, मग थोडं थांबून टक. स्वयंपाकघरात भांडं वाजलं. मी बाहेर आलो तर अक्का बैठकीत खुर्चीवर बसलेली, हात मांडीवर. कुणाच्या तरी घरी पाहुणी आल्यासारखी.

“स्वयंपाकघरात बूट,” मी म्हणालो.

“घरातले आहेत ते,” ती म्हणाली.

दाजी एकेक कप आणत होते. एका हातात कप, दुसरा भिंतीला. आधी अक्काचा, मग माझा, मग स्वतःचा बिनसाखरेचा. कप देताना अक्काकडे पाहिलं. बसले. चंद्रावर माणूस गेला तेव्हा मी फार लहान होतो आणि मोठ्यांच्या गप्पांवरून मला वाटलं होतं की आता सगळं जग बदलणार. पुष्कळसं बदललं नाही. पण कुठे तरी कुणी तरी अग्निबाणाच्या पोटात काय भरावं याचा विचार करत बसलं होतं, आणि त्याचा एक लांबचा नातेवाईक धारवाडात चहा आणून देत होता, एवढं मला त्या सकाळी पटलं. माझ्या भाषणात हे नव्हतं.

अक्काने एक घोट घेतला.

“साखर कमी आहे,” ती म्हणाली.

मी माझा कप तोंडाला लावला. चहा चांगला गोड होता.

दाजी हसले नाहीत. खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठले आणि साखरेचा डबा आणायला आत गेले. अक्का कप हातात धरून तो आवाज ऐकत बसली, मधल्या खोलीतून जाणारा, आणि परत येणारा.